प्रश्न दहावा

मोरजीला, टेंबवाड्यात, शॅकच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत
जनगणनेला गेले तेव्हा दुपारचे तीन.
कांदा चिरता चिरता रेंगथांगने सांगितलं
नाव, वय सव्वीस, बहीण वार्नू, लग्न नाही.

दहावा प्रश्न, मातृभाषा.
मॅडम, मणिपुरी लिहा. सगळे तेच लिहितात.
मी पेन टेकवलं नाही.
आमच्या पेडण्याच्या घरात आई रागवायची कोंकणीत
आणि याच रकान्यात बाबा ठासून मराठी लिहायचे.
हा रकाना काय काय गिळतो, मला घरचंच ठाऊक.

मग त्याने खरं नाव सांगितलं. दोन अक्षरं,
दुसरं उतरत जाणारं, पायरी चुकल्यासारखं.
सहा गावं, म्हणाला. नाही, पाच.
सहाव्यात उरलेत म्हातारे, आणि त्यांना ऐकू येत नाही.
गोव्यात किती जण?
त्याने सुरीने स्वतःकडे दाखवलं, मग बहिणीकडे.

मास्तरणीची खोड, मी विचारलं: समुद्राला काय म्हणता?
दोघं हसली. डोंगरात कुठला समुद्र? शब्दच नव्हता.
पहिल्या हंगामात, रात्री भांडी घासून झाल्यावर
वाळूत बसून त्यांनी तो केला:
काहीतरी विसरलं म्हणून परत येणारं पाणी.
फोनवर मामा म्हणाला, हा आपला शब्द नव्हे.
आई मात्र वापरते. समुद्र तिने पाहिलेला नाही;
मीठ मागायला सारखी येणाऱ्या शेजारणीला
ती तेच म्हणते.

मी म्हणून पाहिला.
वार्नूला हसू आवरेना. माझ्या सुरात त्याचा अर्थ
डुकराचं खाणं.
पुन्हा म्हटला. पुन्हा डुकराचंच.
तिसऱ्यांदा तिने लसणाच्या बोटांनी
माझी हनुवटी जराशी खाली केली
आणि आला.

भाषेचं नाव मी फॉर्मवर लिहिलं,
दुसऱ्या अक्षरावर एक तिरपी रेघ ओढली, उतरती.
वरच्या ऑफिसात तो डाग ठरेल,
छापताना नावाचंही ‘इतर’ होईल.

बाहेर वनखात्याचा माणूस जाळीपाशी
कासवाची अंडी वहीत मांडत होता.
एकशे सात, बाई, तो ओरडला. तुमचं किती झालं?
मी हात केला फक्त.
तोंड उघडलं असतं तर
सूर सुटला असता.