अनिवार्य

पहिल्या अर्जात मी सतरा चौकटी ठेवल्या होत्या.
आडनाव, पतीचं नाव, पिनकोड, ईमेल,
प्रत्येकीच्या कपाळावर लाल चांदणी.
नंदुरबारची रात्रशाळा, फी नाही,
एकेचाळीस जणींनी अर्ज उघडला,
टोकाला पोचल्या तिघी.
त्यातली एक मीच, चाचणी घेताना.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी आधी रंग बदलले.
निळ्याचा हिरवा. हिरव्याचा पुन्हा निळा.
वर हसऱ्या बाईचा फोटो टाकला.
कोणी फिरकलं नाही.

मग संध्याकाळी पथारीवर गेले.
नजर संपेपर्यंत मिरची.
ठसक्यानं मला बोलताच येईना,
बायका हसल्या, देठ खुडणं थांबलं नाही.
निंबाबाईनं पदराला बोटं पुसून
लेकीचा फोन हातात घेतला,
तरी काच तिचं बोट ओळखेना.

"हाई काय शे?"
चांदणी. म्हणजे भरावंच लागतं.
"मिरचीनं फूल ते धवळं ऱ्हास. हाई लाल कसं?"

ओटीपीपाशी थांबली.
तिला पाठ एकच नंबर, तो नवऱ्याच्या खिशात,
आणि नवरा सुरतेला.
ईमेलपाशी तिनं माझ्याकडे पाहिलं,
पंगतीत न बोलावता बसलेल्याकडे पाहतात तसं.
"माले शिकानं शे. मंग इतलं कसाले इचारस?"

रात्री मी चौकटी खुडत बसले.
पिनकोड गेला. पती गेला.
जन्मतारीख, तिला फक्त
'पाटाला पाणी आलं त्या साली' एवढंच ठाऊक, गेली.
उरलं नाव,
आणि शेजारणीचाही चालेल असा एक नंबर.
बटण केलं रुंद,
दिवसभर तिखटात भाजलेल्या अंगठ्याला सापडेल असं.
त्यावरचं 'सादर करा' पुसून लिहिलं
'मी येस'.
संस्थेचे चिंधू सर म्हणाले,
अर्जात ही भाषा शोभत नाही.
मी म्हटलं, बघू.

साडेअकराला पहिली नोंद आली.
तेव्हा कळलं, एक नियम काढायचा राहून गेला होता:
नावात किमान दोन शब्द हवेत.
मागे तिचे प्रयत्न दिसत होते, ओळीनं.
निंबा
निंबाबाई
निंबाबाई
दर वेळी खाली लाल अक्षरांत:
कृपया पूर्ण नाव भरा.

चौथ्यांदा तिनं जे भरलं
ते अर्जानं मुकाट्यानं घेतलं:

निंबाबाई निंबाबाई