ना हरकत

अर्ज गुरुवारी आला. आवक क्रमांक दोनशे सतरा.
उपासो गांवकर, फुटबॉल प्रशिक्षक, तासिका तत्त्वावर,
नम्रपणे विनंती करतो की.
पुढचं मी वाचलं नाही.
खालची सही तेवढी वाचली, पेन दोनदा थांबलेलं.

कागद खणात टाकला, पिनांच्या डबीखाली,
आणि ठरवलं, साहेबांनी विचारलंच तर म्हणायचं
शिक्क्याची शाई संपली.

सोबत जालंधरकडच्या विद्यापीठाचं पत्र.
गुळगुळीत कागद, माथ्यावर सोनेरी सिंह.
पगार आमच्या प्राचार्यांपेक्षा सात हजारांनी जास्त.
दिव्यांची दोन मैदानं,
मुलांच्या पोटऱ्या रगडायला वेगळा माणूस.

आमच्या कुडचड्यात
मैदानाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला रेल्वेची सायडिंग.
खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली
तरी मोजे धुतले की पाणी तांबडं.
गोलची जाळी बेतुलच्या रांपणकारांकडून आणलेली,
ऊन चढलं की तिला बांगड्याचा वास येतो.
बॉल नदीत गेला तर ओहोटीची वाट बघायची.
तेवढ्या वेळात सर मुलांना बसवून
मातीत दगड मांडायचे:
हा तू. हा तू. हा मडगावचा बॅक.

त्या मडगावला गेल्या डिसेंबरात
फातोर्ड्यावर आम्ही दोन-एकने हरवलं.
मी रजा टाकून गेलो होतो. वैद्यकीय.
मिनीन, ज्याच्या बापाचा टिपर अंगणात गंजतोय
आणि त्यात कोंबड्या अंडी घालतात,
त्याने शेवटच्या मिनिटाला डावीकडे झेप घेतली
आणि मी, छप्पन्न वर्षांचा वरिष्ठ लिपिक,
एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं,
हा इथे किती दिवस?
भुसारवाला म्हणाला, जाणार.
पाद्रीबाब म्हणाले, जावं.
सरांच्या आईने विचारलं,
पंजाबांत नुस्तें मेळटा?
मला कुणी विचारलं नाही.
लिपिकाला हरकत नसते,
त्याच्याकडे फक्त तिचा छापील नमुना असतो.

शनिवारी ते खिडकीशी आले. शिट्टी गळ्यात.
अर्जाबद्दल अवाक्षर नाही.
मिनीनच्या परीक्षा फीची शेवटची तारीख कधी?
सांगितली.
मग ते उगाच उभे राहिले,
मी उगाच रजिस्टर सरळ केलं.
“तुम्ही पणजीची नोकरी नाकारली होती ना?”
हो. चौऱ्याण्णव साली.
“मग?”
मग काय. खिडकी हीच.
सहज म्हणून गेलो, आणि ते इतकं खरं निघालं
की दोघंही मैदानाकडे बघत राहिलो.

तिथे मुलं दोन स्पर्शांचा खेळ खेळत होती.
सर तिथूनच ओरडले,
सोड रे! पायाला चिकटवून ठेवलास
म्हणून तो तुझा होत नाही!

कुणाला ओरडले, माहीत नाही.

सोमवारी कागद काढला. शाई होती.
नमुन्यात रकाना आहे, कर्मचाऱ्याकडून संस्थेस येणे.
लिहिलं, निरंक.
संस्थेकडून कर्मचाऱ्यास, असा रकाना नाही.
मी समासात पट्टी ठेवून एक पाडला:
उकडलेली अंडी, तीन मोसम, स्वतःच्या खिशातून,
बिल दोनदा नामंजूर.
पहाटे साडेपाचच्या तासिका, न मोजलेल्या.
नदीत गेलेले बॉल, चार.
खाली अजून जागा होती,

पण साडेदहाची घंटा झाली
आणि खिडकीशी मिनीन, फीचे पैसे घेऊन.
दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा
आणि मधे एक पाचशेची,
चार पदरी घडीची.
तशी घडी कॉलेजात एकच माणूस घालतो.
मी ती उलगडली, मोजली,
पावती फाडली.