आकसण्याची सूट

तिसरी जागा बघायला निघालो तेव्हा
सर्जेरावांनी खिशात जुनी पट्टी घातली.
उद्यमनगरात चाळीस वर्षं
तिच्यावर लाकडाचे पॅटर्न कोरले त्यांनी.
पट्टी तशी खोटी आहे.
तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा,
कारण ओतलेलं बीड गार होताना आकसतं,
तेवढी सूट आधीच धरून ठेवायची.
त्या पट्टीनं मोजली की
कुठलीही खोली जराशी लहानच भरते.

पहिली जागा पन्हाळा रोडला होती.
दारात कारंजं, भिंतीवर हसणारी म्हातारी माणसं.
असले दात आमच्या अख्ख्या गल्लीत नाहीत.
'इथं तुम्हाला काहीच करावं लागणार नाही,' मॅनेजर म्हणाला.
'मग दिवसभर करायचं काय?' सर्जेरावांनी विचारलं.
त्यानं योग, भजन, कॅरम असं छापील वेळापत्रक दिलं.
मी विचारलं, नाटक बघून अकराला आलो तर गेट?
'नऊला बंद होतं, आजी.'

आजी!
मी बत्तीस वर्षं केएमटीच्या डेपोत टाइमकीपर होतो.
(होतो. आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो.)
शेवटची गाडी आत आल्याशिवाय
गेटला हात लावू दिला नाही कुणाला.

दुसरी कागलकडं, हायवेला लागून.
बाथरूममध्ये लाल दोरी होती,
पडलात तर ओढा म्हणून.
मी न पडताच ओढली आणि घड्याळ बघत उभी राहिले.
अकराव्या मिनिटाला वॉचमन आला,
'पांढरी गाडी तुमची का? जरा मागं घ्या.'

तिसरी कळंब्याच्या पुढं. कारंजं नाही.
जिन्याला ओल आलेली,
वारा फिरला की गुऱ्हाळाचा वास थेट पलंगापर्यंत.
सुमेध नावाचं पोरगं किल्ल्या घेऊन मागं मागं,
आणि रविवारी मटण शिजवलं तर चालेल का विचारल्यावर म्हणालं,
'चालेल, पण वास आला की शेजारी वाटी घेऊन येतात.'
मी आत जाऊन दोरी ओढली.

चाळीस सेकंद.
शेजारच्या शकुंतलाबाई मगदूम, कोपरापर्यंत कणीक,
त्यांच्या मागं अर्ध्या गालाला साबण लावलेले एक गृहस्थ.
'पडलासा व्हय?'
'नाही ओ, बघत होतो.'
'बघा की. मी बी आल्या दिवशी ओढली होती.
भीमण्णा आले होते पळत, नुसत्या टॉवेलवर.'
साबणवाल्या गृहस्थांनी मान खाली घातली.
हसताना मला बेसिनचा काठ धरावा लागला.

बाहेर येऊन बघते तर हे बाथरूमच्या चौकटीशी उभे.
पट्टी दोनदा लावली. तिसऱ्यांदा लावली.
'अठ्ठावीस,' म्हणाले. 'चाकाची खुर्ची अडणार.'
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
तो शब्द पहिल्यांदाच आमच्यामध्ये आला.
मी खिडकीतनं उसाकडं बघितलं.
'चौकट मी बदलतो,' ते म्हणाले,
'आल्याआल्याच. हात चालतायत तोवर.'

बंगळूरहून पोराचा फोन.
दोघांना एक खोली पुरे की, पप्पा,
उगाच झाडलोट कशाला वाढवताय.
'दोन खोल्यांचंच घेऊ,' हे म्हणाले. 'माणूस गार होताना...'
आणि तिथंच थांबले.
बिडाला फुटामागं एक सूत, हे पट्टीवरच असतं.
माणसाला किती धरायचं,
ते उद्यमनगरातही कुणी शिकवलं नाही त्यांना.

परत येताना बस सात मिनिटं लेट.
मी कुणाला काही बोललो नाही.

सही अजून झालेली नाही.
फॉर्म फ्रिजवर आहे, गिरणीच्या चिठ्ठीखाली.
व्यवसाय या रकान्यात त्यांनी 'निवृत्त' लिहिलेलं,
आज सकाळी बघते तर खोडून वर
बारीक सुतारी अक्षरात 'पॅटर्नमेकर'.
माझा रकाना मोकळा आहे.
पेन शोधतेय.