मधली जागा

दिग्रसच्या रेस्ट हाउसात टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली कुणाची तरी जुनी डायरी, दुमडून.
डावीकडं लॅपटॉप.
उजवीकडं टॅबलेट, पाण्याच्या तांब्याला टेकवलेला.
वायर जोडली की तोही कामाला लागतो,
थोडा बुटका, थोडा पिवळट,
कडेला भाचीनं चिकटवलेला हत्ती,
सोंड निघालेली.

इकडं जिनिंगचं आवक रजिस्टर,
तिकडं विक्री.
बाण या काठावर बुडतो
आणि त्या काठावर उगवतो.

उकंडराव चहा ठेवतो, वाकून बघतो.
"मंधात कुठी जाते थो, बाई?"

मंधात चार बोटं टेबल आहे.
उडालेला सनमायका, कपाचं वर्तुळ,
एक सरकी, अजून धागा धरून.
माझ्याच ओढणीला चिकटून आली असेल.

अकरा क्विंटल सरकी
या स्क्रीनवर नाही,
त्या स्क्रीनवर नाही.
तीनदा बेरीज केली.

लाइट जाते. पंखा दमत दमत थांबतो.
टॅबलेट उजेड कमी करून तग धरतो,
एक पाखरू येऊन बसतं त्यावर,
विक्रीच्या रकान्यात.

उकंडराव खांद्यावरच्या दुपट्ट्यानं
मधली जागा पुसून घेतो.
"घ्या बाई, झालं साफ."