उलटी धार

कुडाळच्या बुधवारी, सुक्या बांगड्यांच्या पाट्या जिथे संपतात
तिथे भिवा मेस्त पोत्यावर लोखंड मांडून बसतो.
कोयते, आदोळ्यांची पाती, नारळ सोलायचे सुळे,
आणि तेलाच्या कापलेल्या डब्यात, मुठी खाली, टोकं वर,
सुऱ्या.

मी म्हटलं, लाकूड कोरायला हवी.
"कसला लाकूड?"
पिशवीतून पांगाऱ्याचा तुकडा काढला.
त्याने तळहातावर तोलला, हसला.
"ह्यां लाकूड न्हय, ह्यां लोणी.
ह्येका सुरी नको, हात होयो."
तरी सुऱ्या काढल्या त्यानेच.

पहिली लांब होती.
लांब पात्याला मासा कळतो, चोच कळत नाही,
आणि मला कुरव करायची होती, वाळूवर एका पायाने उभी.
दुसरी चकचकीत, कारखान्यातली,
नखावर टेकवली तर घसरली.
तिसरी ट्रकच्या पाट्याची, काळी,
अंगावर अजून घणाचे वण.
टिचकी मारली तर वाटीसारखी वाजली.
मूठही बरी.
चितारी मास्तर म्हणायचे, घेताना सुरी बघू नको, अंगठा बघ,
त्याला जिथे झोप येईल तिथे मूठ संपली पाहिजे.
संपत होती.
पांगाऱ्यावर धरली, ढकलली,
आणि ती शिरली, खाली, आणखी खाली,
वळेना,
निघेना.

भिवाने माझ्या हाताकडे बघितलं.
"तू डावरी मां गो?"

मी हात मागे घेतला. बावन्न वर्षांची बाई, तरी.
प्रसाद उजव्या हातात, कुंकू उजव्या बोटाने,
शाळेत पाटीवरचा ग उजवीकडून शिकलेला.
फक्त वीज गेली
की काडी डाव्या हातानेच पेटायची.

भिवा पोत्याखाली चाचपत राहिला.
निघाली ती कलमाची सुरी, बोटभर पात्याची,
मूठ शिवणीची,
धारेचा उतार नको त्या बाजूला.
"पोरान उलटी घासल्यान.
तीन आंबेवाले परत देवन गेले.
फांदी फाटता म्हणान."

टेकवली.
पापुद्रा निघाला, कुरळा, लांब,
न तुटता माझ्या मनगटापर्यंत आला.
कोकमवाली तराजू धरून बघत राहिली.
भिवाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोयता दाखवला, मग म्हणाला, ऐंशी.
मी सवयीने साठ म्हणायला तोंड उघडलं
तर तोच, "साठ दी.
चुकयेचे पैशे जास्ती कशे घेव?"

निवतीची एसटी उशिरा आली.
सुरी वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र पदरात.

मागच्या पडवीत बाबांचे नऊ बोये अजून दोरीला आहेत.
जाळं कधीच कुजलं, सुरी कुठे गेली कोण जाणे.
पांगाऱ्याचेच. खाऱ्याने खाल्लेले,
पण कंदील तिरका धरला की तासल्याच्या खुणा दिसतात,
खवल्यांसारख्या, एकीवर एक.
लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचे,
सगळ्या एकीकडेच का कलतात, विचारलं नव्हतं.

आज माझा तुकडा शेजारी धरला.
दोन्हीकडच्या खुणा
एकाच बाजूला कललेल्या.

बाबा उजव्या हाताने जेवायचे.
सोसायटीच्या वहीत सही उजव्या हाताने,
सावकाश, जीभ दातांत धरून.
पाहुण्यांना मी डाव्या हाताने पाणी दिलं
म्हणून एकदा ओट्यावर सगळ्यांसमोर
मला मारलंही होतं.

चोच उद्या कोरीन.
आत्ता एक बोया हातात आहे, हलका, न बुडणारा,
आणि माझा अंगठा त्याच्या खोलगट जागी
बसतो आहे.
पहाटे तीनला, खाडीच्या तोंडाशी,
होडीत,
कोण बघत असणार.