टोळंबी

अडावदच्या बाजारातून चार पोती टोळंबी घेतली.
पावतीवर गेंदीबाईचा अंगठा, जांभळा.
तिनं विचारलं, दिव्याला नेतेस का साबणाला?
मी म्हणाले, ट्रॅक्टरला.
ती हसली, आणि वर दोन ओंजळी टाकल्या, फुकट.

गिरणेकाठच्या प्रयोगशाळेत
आधी तेलातला गोंद काढावा लागतो.
फॉस्फरस राहिला तर निकेलचे मणी
विष खाल्ल्यासारखे विझतात,
सहा महिन्यांचं काम राखेच्या रंगाचं होतं.
(गेल्या वर्षी झालं. घरी सांगितलं नाही.)

मग साडेतीनशे अंश, हायड्रोजनचा दाब,
रात्रभर पंपाची घरघर.
एका रेणूला तीन शेपट्या, तिन्ही सुटतात,
प्राणवायू पाणी होऊन निघून जातो
थेंब थेंब, खालच्या नळीतून.
पहाटे चारला मी ते पाणी मोजते
आणि माझं मलाच हसू येतं:
तेल्याची पोर, तेलातून पाणी काढते.

उरलं ते इतकं नितळ
की बाटली रिकामी वाटावी.
चोपड्याला नेताना विदगावच्या पुलावर
एसटीच्या खिडकीशी धरली,
तापीचा पलीकडचा काठ
तिच्यातून जसाच्या तसा.

दादांनी चाळीस वर्षं एक्सपेलर चालवला.
पेंडेचा तुकडा जिभेवर ठेवून सांगायचे
सरकी कुठल्या शिवारातली.
त्यांनी बूच काढलं, हुंगलं,
थेंब दोन बोटांत चोळला.
"हाई तेल नही शे, बेटा.
याले वासच नही."
आणि बाटली कोनाड्यात ठेवून दिली
जुन्या पितळी मापांशेजारी.
मी सिटेनचा आकडा सांगत होते, धुराचा,
ते भाकरी कुस्करत राहिले.

पौषातली रात्र. नऊ अंश.
सकाळी त्यांची हाक, गल्लीत ऐकू जाईल अशी.
बाटली पांढरी,
तळापासून गळ्यापर्यंत थिजलेली,
घाण्यामागच्या डब्यात दर हिवाळ्यात
टोळंबीचं तेल थिजायचं तशी.
दादांनी ती आडवी धरली, उलटी केली.
काही हलेना.
"टोळंबी शे!
तू समदं काढी टाकं,
तरी थंडी वाजनी आन् वळखाई गई."

मी वहीत लिहिलं: गोठणांक, नापास.
साखळ्या सरळसोट आहेत,
गारठ्यात एकमेकींना बिलगून निजतात.
त्यांना फांद्या फोडाव्या लागतील.
दुसरा उत्प्रेरक, प्लॅटिनम, पुन्हा आच,
म्हणजे त्या जरा अंतरानं राहतील
आणि डिसेंबरातही इंजिन पहिल्या किल्लीला उठेल.
मार्चअखेर अहवाल द्यायचाय.

ओट्यावरच्या उन्हात बाटली
दहापर्यंत वितळली,
पुन्हा रिकामी दिसू लागली.
परत नेऊ लागले तर दादांनी हात धरला.
नवीन कर तिकडे तुझं, म्हणाले,
ही राहू दे, फांद्या न फुटलेली,
थंडी मोजायला.