सावलीचा नकाशा

घणसोली गावठाण. भोईरांचं घर, तीन मजले,
गच्चीचा जिना अर्धाच प्लास्टर झालेला.
टेप, होकायंत्र, टॅब घेऊन वर गेलो.
कंपनीचं म्हणणं साधं असतं:
छप्पर मोजा, सावली वगळा, उरेल ते ऊन विका.

टाकीची उंची घेतली, कठड्याची घेतली,
टॅबवर एकवीस डिसेंबर लावला.
वर्षातली सगळ्यात लांब सावली
करड्या जिभेसारखी बाहेर आली
आणि थांबली
बरोबर एका चुन्याच्या रेघेवर.

रेघ खरी होती. फरशीवर.
बोटभर जाड, दर दिवाळीला पुन्हा ओढलेली.
"हितपरं येतं टाकीची सावली मार्गशीर्षान,"
हिरुबाई म्हणाल्या, सुपातून जवला पसरत,
"त्याच्या म्होरं दिसभर ऊन.
तुज्या पाटीला ह्यो कोन सांगतं?"

उपग्रह, म्हणालो असतो.
गप्प राहिलो.

मुलाला, जयेंद्रला, बिल शून्य हवं:
दोन एसी, तळमजल्यावर पिठाची गिरणी,
बारा पॅनल, पाच वर्षांत पैसे वसूल.
बाराही बसत होती.
शेवटची दोन जवल्यावर.

रात्री ड्रॉइंगमध्ये दहाच काढली.
फॉर्ममध्ये रकाना होता, अडथळ्याचा प्रकार:
चिमणी, झाड, अँटेना, इतर.
इतर.
हलवता येण्याजोगा? नाही.
उंची? पावणेपाच फूट,
वाकल्यावर कमी.
साहेबांनी विचारलं नाही, मीही खोडलं नाही.
वसुली मात्र सात महिने लांबली,
ते जयेंद्रला कसं पटवलं
ते इथं सांगत नाही.

फेब्रुवारीत तक्रार आली: उत्पादन नऊ टक्के कमी.
गेलो तर दहाच्या दहा पॅनलांवर कावळे,
ओळीनं, एक डोळा जवल्यावर,
आणि काचेवर त्यांची पांढरी ठिगळं.
हिरुबाईंच्या हातात काठी.
ओरडल्या ते कावळ्यांवर नाही:
"बसाया जागा कोनी दिली त्यांना? तूच ना!"

बादली मागितली. पुसत बसलो दुपारभर.
अहवालात कारण लिहिलं, पक्षी.
उपायाचा रकाना कोरा.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याच्या सिग्नलला
हँडलला लटकलेल्या पिशवीकडे
शेजारचा रिक्षावाला वळून वळून बघत होता.
"कुठला हो जवला? एवढा कडक वाळलेला?"

सांगणार होतो.
सिग्नल सुटला.